हाली रुपया तोळाभर भरत नाही, म्हणून खोटा? आधी एवढं तपासून बघा

मराठवाड्यात ही अडचण पुन्हा पुन्हा येते. आजीच्या गाठोड्यातून, देव्हाऱ्यातल्या डबीतून किंवा मोडक्या हारातून चारमिनारचं चित्र असलेले चांदीचे रुपये, म्हणजे निजामाच्या हैदराबाद संस्थानाचे हाली रुपये, निघतात. सराफाकडे नेल्यावर काटा अकरा ग्रॅमच्या थोडा पुढे थांबतो, कसोटीवर कस फिका उमटतो आणि निकाल मिळतो: वजन कमी, चांदी कमी, भेसळीचा माल. तेच नाणं दुसरा कुणी ‘दुर्मिळ निजामी’ म्हणत भलतीच किंमत सांगतो. तिसरा काहीच न बोलता मोडीच्या ढिगात टाकतो. एका नाण्याच्या तीन किमती ऐकून घरचे लोक गोंधळतात आणि बहुतेक वेळा चांगलं नाणं मातीमोल भावाने जातं.

या गोंधळाचं मूळ नाण्यात नाही, मोजपट्टीत आहे. हाली रुपया कलदाराच्या मापाने मोजला जातो.

वजन कमी का भरतं

इंग्रजांचा चांदीचा रुपया, म्हणजे कलदार, ११.६६ ग्रॅमचा होता. जुना तोळाही बरोबर तेवढाच. म्हणून तर ‘रुपयाभार’ हे वजन घराघरात चालायचं आणि कलदार सराफाच्या तागडीत वजन म्हणून पडायचा. त्यात चांदी ९१.७ टक्के.

निजामाचा हाली रुपया मुळातच वेगळ्या मापाचा: वजन ११.१८ ग्रॅम, चांदी ८१.८ टक्के. म्हणजे टाकसाळीतून कोरा निघालेला हाली रुपयासुद्धा तोळ्याला जवळपास अर्धा ग्रॅम कमी भरतो, आणि त्याचा कस कलदारापेक्षा फिका असणारच. कलदारात निव्वळ चांदी सुमारे १०.६९ ग्रॅम, हालीत ९.१४ ग्रॅम. ह्यांचं प्रमाण काढलं तर साधारण ७ ला ६ येतं. संस्थानात ७ हाली रुपयांना ६ कलदार हा हिशेब चालायचा, तो याच चांदीच्या प्रमाणाला धरून होता. त्यामुळे ‘हलकं म्हणून खोटं’ हे म्हणणं टिकत नाही. उलट एखादं चारमिनारचं नाणं बरोबर ११.६६ भरलं, तर त्याच्याकडे जास्त संशयाने बघायला हवं.

आणखी एक घोळ शब्दाचा होतो. आज दुकानात तोळा म्हणजे १० ग्रॅम. घरातली म्हातारी माणसं ‘एकेक तोळ्याचे रुपये’ म्हणतात तेव्हा त्यांच्या मनात जुना तोळा असतो. बोलणी तोळ्यात करूच नका, ग्रॅममध्ये करा.

काटा खरा आहे का, ते आधी बघा

०.१ ग्रॅम दाखवणारा स्वयंपाकघरातला काटा या कामाला उपयोगाचा नाही. ०.०१ ग्रॅमचा छोटा डिजिटल काटा लागतो. तो तपासायला वेगळं वजन नसेल तर रुपयाचं चिन्ह (₹) असलेली, २०११ ते २०१८ या सालांतली, न झिजलेली पाच रुपयांची दोन नाणी ठेवा. प्रत्येकी ६ ग्रॅम, मिळून १२. काट्यावर ११.९५ ते १२.०५ आलं तर पुढे जा. पंखा बंद, काटा सपाट फरशीवर. या दोन गोष्टी सोडल्या की दुसरा दशांश नाचत राहतो आणि मग सगळाच हिशेब चुकतो.

मग रुपया ठेवा. १०.९ ते ११.२ मध्ये असेल तर वजन ठीक. वापरलेल्या नाण्यात झिजेने एक-दोन दशांश ग्रॅम जाणं स्वाभाविक आहे. त्याहून कमी भरलं तर कारण शोधा. ‘भोक आहे म्हणून कमी भरतं’ हे कारण नेहमी पुढे केलं जातं, पण हिशेब करून बघा: साधारण दीड मिलिमीटर जाडीच्या या नाण्याला २ मिलिमीटरचं भोक पाडलं तर जेमतेम ०.०५ ग्रॅम धातू जातो. १०.४ ग्रॅमच्या नाण्याची सगळी तूट भोकावर ढकलता येत नाही. उलट जास्त भरत असेल तर कडेला टाका शिल्लक आहे का बघा. हारात ओवलेल्या, विशेषतः बंजारा दागिन्यांतल्या रुपयांना कडी डाकलेली असते. कडी तुटली तरी डाकाचा गोळा कडेवर राहतो. मागे लाख किंवा मेण चिकटलेलं असलं तरी वजन फुगतं.

छोटी नाणी याच पट्टीतली आहेत: आठ आणे ५.५९ ग्रॅम, चार आणे २.७९, दोन आणे १.४०.

पाण्यातली परीक्षा: सगळ्यात भरवशाची, आणि नाण्याला ओरखडाही न पडणारी

वजन जुळलं म्हणजे चांदी आहेच असं नाही. पितळेचं नाणं जरा जाड केलं की वजन जुळतं. पण वजन आणि आकारमान दोन्ही जुळवणं नकली माल करणाऱ्याला अवघड जातं.

प्लास्टिकचा छोटा पेला दोन तृतीयांश पाण्याने भरा, त्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाका, म्हणजे बुडबुडे चिकटणार नाहीत. पेला काट्यावर ठेवून काटा शून्यावर आणा. नाण्याला पातळ नायलॉनचा धागा बांधा, सुती नको, तो पाणी पितो. नाणं पाण्यात पूर्ण बुडेल पण तळाला किंवा कडेला टेकणार नाही असं धरा. हात हलायचा थांबला की आकडा वाचा. तो आकडा म्हणजे नाण्याने बाजूला सारलेल्या पाण्याचं वजन, म्हणजेच नाण्याचं घन सेंटिमीटरमधलं आकारमान. कोरड्या नाण्याच्या वजनाला त्या आकड्याने भागा.

११.१५ ग्रॅमच्या रुपयाला १.१० आलं तर भागाकार १०.१४. खऱ्या ८१.८ टक्के हाली रुपयाची घनता १०.१७ च्या आसपास असते, म्हणजे नाणं जुळलं. पितळ, जर्मन सिल्व्हर (चांदी नसलेला पांढरा मिश्रधातू) किंवा त्यावर चांदीचा मुलामा असेल तर भागाकार ८.४ ते ८.८ मध्ये येतो आणि काट्यावर १.१० ऐवजी १.३० च्या आसपास दिसतं. हा फरक इतका मोठा आहे की तिथे वादाला जागा उरत नाही. भागाकार सरळ १०.५ आला तर नाणं जवळजवळ शुद्ध चांदीचं आहे, म्हणजे बहुधा अलीकडे पाडलेली नक्कल.

परीक्षा बरोबर होते का याची खात्री हवी असेल तर आधी तेच पाच रुपयांचं नाणं बुडवून बघा. आकडा ०.७० च्या आसपास यायला हवा. नाही आला तर नाणं तळाला टेकतंय, किंवा बुडबुडा आहे, किंवा धागा जाड आहे. तळाला टेकलं की आकडा एकदम वाढतो, कारण मग नाण्याचं स्वतःचं वजन काट्यावर पडायला लागतं.

मर्यादाही लक्षात ठेवा. दुसऱ्या दशांशात एकाची चूक झाली तर घनता एक टक्का इकडेतिकडे जाते. ८१.८ आणि ९१.७ टक्क्यांतला फरक (१०.१७ आणि १०.३४) यात खात्रीने पकडता येत नाही. दुसरं म्हणजे शिसं आणि कथील यांचं मिश्रण नेमकं जमवलं तर घनता चांदीच्या जवळ नेता येते. पण तसं नाणं मऊ असतं, फरशीवर वाजवलं तर बद्द आवाज येतो, आणि शिसं जास्त असेल तर कोऱ्या कागदावर घासल्यावर करडी रेघ उठते.

घनता ९.६ आली, मग?

इथे पुष्कळ लोक चुकतात. नाणं हुबेहूब चारमिनारचं, वजन ११.१, आणि भागाकार ९.५ ते ९.७. सराफ म्हणतो भेसळ. पण दुसऱ्या महायुद्धात चांदीची टंचाई झाली तेव्हा हिजरी १३६१ च्या, म्हणजे १९४२ च्या सुमारास हाली रुपयातली चांदी अधिकृतपणेच ५० टक्क्यांवर आणली गेली. इंग्रजांच्या रुपयातही १९४० ते १९४५ मध्ये निम्मीच चांदी होती. चित्र तेच, वजन तेच. म्हणून घनता बघण्याआधी साल वाचायला शिका. १३६२ सालाच्या नाण्याला ९.६ हे बरोबर उत्तर आहे. तेच उत्तर १३३७ च्या नाण्याला आलं तर मात्र नाणं नाकारा.

१९४७ चा जॉर्जचा रुपया चुंबकाला चिकटतो, कारण तो निकेलचा आहे. त्याला खोटा म्हणू नका आणि चांदीच्या भावात घेऊही नका.

साल कसं वाचायचं

आकडे उर्दू वळणाचे आहेत. एक म्हणजे उभी रेघ. त्या रेघेला वर एक वळण असेल तर दोन, दोन वळणं असतील तर तीन. पाच हा गोल किंवा उलट्या बदामासारखा, त्याला शून्य समजू नका. शून्य म्हणजे नुसता टिंब. सहा बहुतेक वेळा इंग्रजी सातासारखा दिसतो. सात म्हणजे इंग्रजी ‘व्ही’, आठ म्हणजे तोच उलटा. नाणं उलटं धरलं की सात-आठची अदलाबदल होते, म्हणून आधी चारमिनार सरळ उभा करा.

नाण्यावरचं साल हिजरी असतं. त्याला ०.९७ ने गुणून ६२२ मिळवा: १३३७ चं १९१८-१९ येतं. मराठवाड्यात जुन्या महसुली कागदांवर फसली साल असतं आणि त्यात ५९० मिळवायची लोकांना सवय आहे. तीच सवय नाण्याला लावली की १३३७ चं १९२७ होतं आणि पुढचं सगळं वर्णन चुकतं.

चारमिनारची ही यंत्रावर पाडलेली नाणी १९०३-०४ पासूनची. हैदराबादची टाकसाळ सैफाबादला गेली तो हाच काळ. भिंग घेऊन चारमिनारच्या मधल्या कमानीत बघा. तिथे एक अक्षर आहे. ‘मीम’ (م) असेल तर नाणं निजाम महबूब अली खानांचं, ‘ऐन’ (ع) असेल तर त्यांच्यानंतरच्या उस्मान अली खानांचं. महबूब अली खान १९११ मध्ये वारले, हिजरी १३२९. त्यामुळे १३२५ सालच्या नाण्यावर ‘ऐन’ किंवा १३४० च्या नाण्यावर ‘मीम’ दिसला तर तिथेच थांबा. ‘ऐन’मध्येही फरक आहे: सुरुवातीच्या, हिजरी १३३० च्या आसपासच्या नाण्यांत तो छोटा, अर्धा, पुढच्या नाण्यांत पूर्ण, खाली वळण घेतलेला. संग्राहक हा अर्धा ‘ऐन’ मुद्दाम शोधतात.

मागच्या बाजूला राज्यारोहणापासूनचं कितवं वर्ष, तो आकडा असतो. उस्मान अली खानांच्या नाण्यात हिजरी सालातून १३२९ वजा करा आणि येणारा आकडा मागच्या आकड्याशी ताडून बघा. एखाद्या वर्षाचा फरक चालतो. पाच-सात वर्षांचा फरक म्हणजे दोन वेगळ्या ठशांची जोड, आणि ओतीव नकला करणाऱ्यांकडून ही चूक सर्रास होते.

मागे ‘ज़र्ब फरखुंदा बुनियाद हैदराबाद’ असं लिहिलेलं असतं. ‘बुनियाद’ एवढंच वाचून ‘हे औरंगाबाद टाकसाळीचं’ असं सांगून किंमत वाढवली जाते. औरंगाबादच्या मुघल टाकसाळीचं नाव ‘खुजिस्ता बुनियाद’. ती नाणी हाताने ठोकलेली, जाड, आकाराने लहान, आणि त्यांवर चारमिनार नाही. औरंगाबादला चारमिनारी रुपया पडलेलाच नाही.

ओतीव की ठोकलेलं

खऱ्या रुपयाचा व्यास ३० मिलिमीटर आणि कडेला सारख्या अंतरावर बारीक उभ्या खाचा. दहापट भिंगाखाली कड फिरवून बघा. साच्यात ओतलेल्या नाण्याच्या कडेला मधोमध जोडाची रेघ असते, किंवा ती कानसने घासून काढल्याच्या आडव्या खुणा असतात. सपाट भागावर सुईच्या टोकाएवढे खड्डे दिसतात आणि अक्षरांच्या कडा विरघळल्यासारख्या गोलसर असतात. झिजलेल्या खऱ्या नाण्यात आधी उंच भाग झिजतो, म्हणजे मिनारांची टोकं आणि कमानीवरचं काम. खोलगट जागेतली अक्षरं तीक्ष्ण राहतात. नकलेत सगळंच सारखं बोथट असतं. हा एक फरक डोळ्यात बसला की निम्मी नाणी न मोजताच ओळखू येतात.

मुलाम्याची अशर्फी हा प्रकार वेगळा सांगायलाच हवा. निजामाची सोन्याची अशर्फीही ११.१८ ग्रॅमचीच आणि चित्रही तसंच. म्हणून चांदीच्या रुपयाला सोन्याचं पाणी देऊन ती अशर्फी म्हणून खपवतात, आणि वजन जुळत असल्यामुळे माणूस फसतो. पाण्यात बुडवा: सोन्याची असेल तर आकडा ०.६४ च्या आसपास, रुपया असेल तर १.१०. शिवाय सोनं जड असल्यामुळे अशर्फी आकाराने लहान असते. ३० मिलिमीटरची अशर्फी म्हणजे मुलामाच.

यात्रा-जत्रांत मिळणारे रामदरबार, हनुमान किंवा कमळ असलेले, ‘ईस्ट इंडिया कंपनी १८१८’ असं छापलेले शिक्के कंपनीने कधीच चलनात आणले नाहीत. त्यांची पूजा करायला हरकत नाही. किंमत मात्र धातूचीच, आणि तो बहुधा पितळ.

टंच मशीन आणि कसोटी

हॉलमार्किंग केंद्रातल्या एक्सआरएफ मशीनवर नाणं न खरवडता टंच, म्हणजे चांदीचं टक्क्यांतलं प्रमाण, काढून मिळतो. पण हे मशीन वरच्या अगदी पातळ थरापुरतंच बघतं. जुन्या चांदीच्या नाण्यात पृष्ठभागावरचं तांबं काळाच्या ओघात किंवा आम्लाने निघून जातं आणि वर चांदी जास्त उरते, त्यामुळे आकडा खऱ्यापेक्षा चढा येतो. ८१.८ ऐवजी ८५-८६ आलं तर दचकू नका. मुलामा असेल तर हेच मशीन ९५ पण दाखवेल. म्हणून मशीनचा आकडा आणि पाण्याचा आकडा दोन्ही शेजारी मांडा. दोन्ही एकाच दिशेला गेले तरच निर्णय घ्या.

कसोटीवर घासू देऊ नका, तेजाबाचा थेंब पडू देऊ नका, आणि छिन्नीने छेद तर अजिबात नको. मोडीत जाणाऱ्या दागिन्याला हे चालतं. नाण्यावर एक खाच पडली की संग्राहकाच्या लेखी त्याची किंमत चांदीच्या भावावर येऊन बसते. दुकानात पाऊल टाकतानाच स्पष्ट सांगा की नाणं मोडायचं नाही, फक्त वजन करायचं आहे.

घरचं चिंच-लिंबू आणि राख यांनीही तेवढंच नुकसान होतं. काळपट थर हा चांदीवरचा नैसर्गिक साज आहे आणि जाणकार तो बघूनच विश्वास ठेवतो. मळ असेल तर डिस्टिल्ड पाण्यात रात्रभर ठेवा, सुती कापडाने टिपून घ्या, घासू नका. मऊ पीव्हीसीच्या पाकिटात वर्षानुवर्षं राहिलेल्या नाण्यावर हिरवट चिकट थर येतो. तो शुद्ध ॲसिटोनमध्ये काही मिनिटं बुडवून, खिडकी उघडी ठेवून आणि गॅसपासून लांब, निघतो. नेलपॉलिश काढायचं द्रव चालत नाही, त्यात तेल आणि सुगंध असतो. नाण्यांच्या गड्डीला रबर बँड कधीच लावू नका. त्यातल्या गंधकाने काळे पट्टे पडतात.

किंमत कशी बांधायची

आधी तळ ठरवा. त्या दिवसाचा चांदीचा प्रतिग्रॅम भाव गुणिले ९.१४, युद्धकाळातल्या नाण्याला गुणिले ५.५९. किलोला एक लाख भाव धरला तर पहिल्याचा तळ ९१४ रुपये, दुसऱ्याचा ५५९, आणि कलदाराचा १,०६९. सराफ यातून घट धरेल, ते व्यवहाराला धरूनच आहे. पण त्याने ‘हलकं’ म्हणून पुन्हा वेगळी कपात केली तर तीच चांदी दोनदा कापली जाते. तिथे ९.१४ चा हिशेब कागदावर मांडून दाखवा.

तळाच्या वर किती, हे साल, अक्षर आणि अवस्था ठरवते. उस्मान अली खानांचे बहुतेक रुपये भरपूर संख्येने पडले आणि मराठवाड्यात घरोघर आहेत. झिजलेलं, भोक पाडलेलं, कडीचा टाका असलेलं नाणं तळाच्या आसपासच जातं. महबूब अली खानांचा ‘मीम’, अर्धा ‘ऐन’, किंवा न वापरलेल्या अवस्थेतलं, मूळ चमक टिकलेलं नाणं असेल तर सराफा बाजार ही त्याची जागा नाही. नाण्यांच्या लिलावातल्या मागच्या विक्रीचे आकडे बघा, आणि मागितलेली किंमत नव्हे तर प्रत्यक्ष विकली गेलेली किंमत धरा.

रुपये पूर्ण हारात असतील, कड्या-गोफ शाबूत असतील, तर हार तोडून नाणी सुटी करू नका. टाके आधीच बसलेले असल्यामुळे सुट्या नाण्यांना वरची किंमत मिळणार नाही. अख्ख्या पारंपरिक दागिन्याला गिऱ्हाईक वेगळं असतं.

फोनवर ‘तुमच्या नाण्याचे लाखो रुपये मिळतील, आधी नोंदणी फी भरा’ असं सांगणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका. रिझर्व्ह बँक जुनी नाणी-नोटा विकत घेत नाही आणि अशा व्यवहारावर फी किंवा कमिशन आकारत नाही, हे तिने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर केलेलं आहे.

शंभर वर्षांपेक्षा जुनं नाणं १९७२ च्या कायद्याखाली पुरावस्तू ठरतं. ते परदेशी ग्राहकाला पाठवता येत नाही. आणि जर नाणी घरातली नसून नांगरताना, पाया खणताना किंवा जुना वाडा पाडताना निघाली असतील, तर वरची एकही पायरी लागू होत नाही. निखात निधीच्या १८७८ च्या कायद्याप्रमाणे ती जिल्हाधिकाऱ्यांना कळवावी लागतात. पैठण, तेर, भोकरदन या भागात सातवाहन काळातली शिशाची आणि मिश्रधातूची नाणी शिवारात निघतात. ती जमिनीच्या कुठल्या गट नंबरात, किती खोलीवर, कशासोबत सापडली याची नोंद नाण्याइतकीच मोलाची असते. म्हणून धुऊ नका, वाटून घेऊ नका, मडकं सापडलं असेल तर आतल्या मातीसकट तसंच राहू द्या आणि जागेवरच फोटो काढा.